झ्यूसचे खांब ठेवीला

आर्गीना, किलिकियाचे डोंगर
सप्टेंबरचा आरंभ

फिलाग्रिओसकडून थोरल्या बहिणीला, लिओंतियाला: खुशाल अस, आणि हे पत्र बसून वाच.

बसलीस? तर ऐक ताई, तुझा भाऊ पुजारी झाला आहे.

सम्राटांनी जुन्या देवांची देवळं पुन्हा उघडायचा हुकूम काढलाय, हे तुला मी सांगायला नको. ते सध्या तुमच्या अंतिओखियातच मुक्कामाला आहेत. गेल्या महिन्यात प्रांताधिकाऱ्यांचा माणूस आमच्या चौकात येऊन विचारू लागला, "डोंगरावरच्या झ्यूसच्या शेवटच्या पुजाऱ्याचं कोणी उरलंय का?" अख्ख्या गावाने एकदम माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा गुत्त्याच्या दारात पेला घेऊन उभा होतो. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक उसासा सोडून माझं नाव लिहून घेतलं.

नव्या पुजाऱ्यांसाठी नियम आलेत. गुत्त्यात जायचं नाही. नाटकं बघायची नाहीत. घोड्यांच्या शर्यती नाहीत, आचरट पुस्तकं नाहीत. गोरगरिबांना जेवू घालायचं, परक्यांना आसरा द्यायचा, नजर खाली ठेवून चालायचं. अगं, एवढं सगळं जमलं असतं तर मी झोइलोसच्या चर्चमध्ये पाद्रीच नसतो का झालो?

झोइलोस हसून हसून बाकावरून पडायचा राहिला. तोच आपला शेजारी, गावचा पाद्री, लहानपणापासूनचा माझा मित्र आणि रोज संध्याकाळी सोंगट्यांत मला हरवणारा नालायक माणूस. म्हणाला, "फिला, तुझा देव अडचणीत आहे एवढं ठाऊक होतं. पण इतका अडचणीत असेल असं वाटलं नव्हतं."

देऊळ पाहवत नाही. गाभाऱ्यात शेळ्या आणि वेदीच्या फटीतून अंजिराचं झाड. समोरच्या सहा खांबांपैकी दोनच उभे आहेत, त्यामुळे देऊळ दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. पण खरं सांगू? काल झाडून काढताना बाबांचा आवाज आठवला आणि झाडू हातातच राहिला. ते सणाला जे स्तोत्र गायचे ते तुला येतं का? मी तेव्हा तार्ससला शिकायला होतो, म्हणजे नाटकवाल्यांच्या मागे फिरत होतो. तू घरी होतीस. तू आता ख्रिस्ती आहेस हे मला कळतं, पण आठवत असेल तर लिही.


अंतिओखिया
ऑक्टोबरचा मध्य

लिओंतियाकडून तिच्या नवपुजारी धाकट्याला: हसू आवरल्यावर लिहिते आहे.

पत्र आलं तेव्हा सूनबाई वाचून दाखवत होती. "गुत्त्याच्या दारात" इथे तिला पुढे वाचवेना. जावई म्हणाला, "मामांना पुजारी केलं म्हणजे धर्म बुडवायचाच बेत दिसतो." मी त्याला रागावले. तुला बोलायचा हक्क फक्त माझा.

इथे शहराचं आणि सम्राटांचं काही जमत नाही. इथल्या माणसांना नाटकं आणि शर्यती हव्यात, सम्राटांना पहाटे उठून बैल कापायला हवेत. पोरंटोरं त्यांच्या दाढीवर गाणी करतात. बोकडासारखी दाढी आहे खरी. एकदा रस्त्यात पाहिलं मी त्यांना. भराभर चालत होते, बोटांना शाई लागलेली. मला वाटलं, या मुलाला कोणी वेळेवर जेवायला घालतं की नाही कोण जाणे.

स्तोत्राच्या फक्त दोन ओळी आठवल्या: "डोंगर चढून आलो रे बापा, दार उघडं ठेव, हातात काही नाही रे बापा, आवाज तेवढा घे." पुढचं गेलं. चालही गेली. बाबा सुरात गायचे असं तू समजत असशील तर तो तुझा गैरसमज आहे.

आणि खांबांचं उगाच कुठे बोलत बसू नकोस. दोन उभे आहेत ते पुष्कळ झाले.


आर्गीना
डिसेंबर, पहिला बर्फ पडला तो दिवस

फिलाग्रिओसकडून ताईला.

खांबांचं बोलू नकोस म्हणालीस, आणि खांबांवरच सगळं येऊन ठेपलं.

आधी बरी बातमी. अन्नछत्र उघडलं. जवाचा भात, हरभरे, रविवार सोडून रोज. रविवारी झोइलोसकडे मासे असतात, तेव्हा माझ्याकडे कोण येणार? गावचे सगळे भिकारी सकाळी ख्रिस्ती आणि दुपारनंतर झ्यूसचे. लंगडा बाबिलास मला म्हणाला, "महाराज, तुमचा देव मीठ जास्त घालतो."

आता वाईट. देवळाचं जे जे कोणी नेलं असेल ते परत करायचं, असा हुकूम आहे. वसंतातल्या सणाला किमोन नावाचा अधिकारी दोर आणि गवंडी घेऊन येणार आहे. आपले चार खांब कुठे आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झोइलोसच्या चर्चचं छत त्यांच्यावर उभं आहे. ते काढले तर छत खाली येईल. नाही काढले तर किमोन काढेल, आणि त्याला छताची काय पडली आहे?

मी झोइलोसकडे गेलो. चांगल्या शब्दांत विचारायला गेलो होतो, ताई. म्हटलं, "तुझ्या वडिलांनी हे खांब आमच्या देवळातून कसे आणले, तेवढं सांग. काहीतरी कागद असेल, विकत घेतले असतील, तर मी किमोनला समजावतो."

तो ओट्यावरच्या सोंगट्या गोळा करू लागला.

"बोल की!"

"ते मला बोलता येणार नाही."

"का? चोरून आणले म्हणून?"

त्याने मान फिरवली. मग माझं डोकं फिरलं. चौकात, दहा जणांच्या देखत, मी त्याला चोराचा पोरगा म्हणालो. तो लालबुंद झाला, आणि घरात गेला. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून संध्याकाळी मी माझ्या ओट्यावर आणि तो त्याच्या ओट्यावर. सोंगट्यांचा पट त्याच्याकडे आहे, दोन फासे माझ्याकडे. ताई, बायको गेली तेव्हा रोज संध्याकाळी हाक मारून मला बाहेर काढणारा माणूस तो. मला करमत नाही.


अंतिओखिया
जानेवारी

लिओंतियाकडून फिलाला.

खेचरवाला दारात थांबला आहे, त्याला भाजी-भाकरी देऊन थांबवून ठेवलंय. हे आजच निघालं पाहिजे.

मूर्खा, उठ आणि झोइलोसची माफी माग. मग पुढचं वाच.

खांब कोणी चोरले नाहीत. ते बाबांनी दिले, स्वतःच्या हाताने.

देऊळ बंद झालं त्या वर्षी चुनेवाले आले होते. संगमरवर भट्टीत घालून त्याचा चुना करतात, ते लोक. खालच्या गावातल्या आर्तेमिसच्या देवळाचा त्यांनी आठ दिवसांत चुना केला. मग आपल्याकडे भट्टी रचू लागले. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी झोइलोसच्या वडिलांकडे गेले. तेव्हाचे पाद्री तेच, आणि ते नवीन चर्च बांधत होते, लाकडी खांबांचं. बाबा म्हणाले, "माझे खांब घे. तुझ्या छताखाली कोणी त्यांना हात लावणार नाही. देवाने परत मागितले तर परत दे, तोवर ठेव म्हणून सांभाळ." ते म्हातारे म्हणाले, "ठेव म्हणूनच घेतो." दोन रात्रींत चारच उतरले. बाकीचे दोन राहिले ते चुनेवाल्यांची भट्टी पावसाने विझली म्हणून. बैलांच्या पुढे दिवा घेऊन मी चालत होते, मला तेव्हा विसावं होतं.

दोघांनी शपथ घेतली, कुठे बोलायचं नाही. देवाचे खांब चर्चला दिले म्हणून आपल्या लोकांनी बाबांना दगड मारले असते. आणि देवळाच्या पुजाऱ्याकडून ठेव घेतली म्हणून बिशपने त्या म्हाताऱ्यांना हाकललं असतं. झोइलोसला त्याच्या वडिलांनी मरताना सांगितलं असणार. तो तुझ्या शिव्या खाऊन गप्प बसला तो त्या शपथेपायी.

मला बाबा म्हणाले होते, "फिलाला शहाणपण आलं की सांग." म्हणून आजवर सांगितलं नाही.


आर्गीना
फेब्रुवारी

फिलाग्रिओसकडून ताईला.

पत्र वाचलं आणि तसाच निघालो. एका हातात दारूचा बुधला, दुसऱ्या हातात फासे. झोइलोसने दार उघडलं. मी जे भाषण पाठ केलं होतं ते विसरलो आणि त्याच्या उंबऱ्यावर लहान पोरासारखा रडलो.

"आत ये," तो म्हणाला. "उंबऱ्यावर रडलास तर लोकांना वाटेल बाप्तिस्मा घ्यायला आलास."

"ताईने सांगितलं."

"मग माझी शपथ सुटली एकदाची. पंधरा वर्षं पोटात दगड घेऊन फिरतोय. बुधल्यात काय आहे? पुजाऱ्याला चालतं का?"

"गुत्त्यात जायचं नाही एवढंच लिहिलंय. पाद्र्याच्या घराचं काही लिहिलेलं नाही."

मी हरलो, तीन डाव. इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

पण गाठ सुटलेली नाही. उलट झोइलोस म्हणतो, "ठेव ती ठेव. तुझ्या देवाने मागितले आहेत, घेऊन जा. मी शेतावरचे ओंडके लावतो छताला." मी म्हटलं, ते ओंडके त्या छताखाली पंधरा दिवस टिकणार नाहीत, कोणाच्या तरी डोक्यावर येईल सगळं. तो म्हणतो, "वडिलांचा शब्द आहे." मी म्हणतो, "मालक मी आहे, मला नकोत." तो म्हणतो, "मालक तू नाहीस, झ्यूस आहे." ताई, आता भांडण असं आहे की पाद्री झ्यूसची बाजू घेतोय आणि पुजारी चर्चची. आणि किमोनला खरं सांगायचीही सोय नाही. सांगितलं तर ठेव सिद्ध होते, मग तो त्याच दिवशी दोर बांधेल. शिवाय बिशपच्या कानावर जाईल ते वेगळंच.


अंतिओखिया
मार्चचा मध्य

लिओंतियाकडून दोन्ही म्हाताऱ्या पोरांना.

सम्राट फौज घेऊन पर्शियाकडे गेले. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला.

तुमच्या किमोनची चौकशी केली. अरे, हा तर थेओक्तिस्तेचा मुलगा! ती चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहते. गेल्या वर्षापर्यंत हा तिला हाताला धरून आणायचा. आवाज असा की त्याने "आमेन" म्हटलं की दिव्यांच्या वाती हलायच्या. नोकरीसाठी एका रात्रीत जुन्या देवांचा झाला, आणि बाटगा जास्तच कडवा असतो तसं चाललंय त्याचं. वरच्यांना संशय येऊ नये म्हणून जिथे जातो तिथे भिंती पाडतो. आई रडते, पण म्हणते मनाने वाईट नाही, भित्रा आहे. सॉसेज फार आवडतात म्हणे, बडीशेप घातलेले.

जेवू घाल चांगलं. मला दुसरं काही सुचत नाही. इथे बसून मी तुमच्या त्या छतासाठी प्रार्थना करते आहे, आणि काल ती दोन ओळींची बाबांचीही म्हटली. कोणाला सांगू नकोस.


आर्गीना
मे, सणानंतरचा चौथा दिवस

फिलाग्रिओसकडून ताईला: हेही बसूनच वाच.

आधी गाण्याची अडचण. स्तोत्राला चाल नाही आणि गावात गाता येणारी माणसं आहेत ती सगळी झोइलोसच्या चर्चमधली. मी त्याला म्हटलं, उसनी दे. तो म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही, कारण मी आजारी आहे." आणि खरोखर डोक्याला फडकं बांधून झोपला, सणाच्या चार दिवस आधीपासून. बिशपने विचारलं तर सांगायला. पण फडक्याखालून म्हणाला, "बायका धुणं धुताना आमची पहाटेची चाल गुणगुणतात, त्यात तुझ्या त्या दोन ओळी बसतील असं मला तापात वाटतंय."

बसल्या. अगदी सुरेख बसल्या.

सणाला सगळं गाव वर आलं. जुन्या देवांचे आले, ख्रिस्ती आले, बाबिलास सगळ्यांच्या आधी आला. वर्षभरात बैलाचं मटण कोणाला मिळतं? किमोन घोड्यावरून आला, तरुण, गोरापान, मागे गवंडी आणि दोरांची गाडी. मला म्हणाला, "पुजारी, बळी आटोपला की लगेच खाली चर्चकडे. अंधाराच्या आत चारही खांब जमिनीवर हवेत."

"छत, साहेब?"

"छत ही माझी जबाबदारी नाही."

मी पाण्याची घागर उचलली. बैलाच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं, त्याने मान हलवली की त्याची संमती समजायची, हे बाबांना करताना पाहिलं होतं. मी इतकं पाणी सांडलं की बैलाने मान हलवली, अंग झाडलं आणि किमोनला डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं. पुढचं आटोपलं. धूप टाकला. मग बायकांनी गायला सुरुवात केली: डोंगर चढून आलो रे बापा, दार उघडं ठेव.

ताई, काय सांगू तुला. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. किमोनसुद्धा टोपी काढून उभा राहिला, डोळे मिटून. दोन ओळी तीनदा म्हटल्या. मी हात वर केले. चाल संपली, जिथे ती रोज पहाटे संपते तिथे. आणि सगळं गाव, ख्रिस्ती, जुन्या देवांचे, बाबिलास, आणि देवा रे, मीसुद्धा, सगळे एका घशाने म्हणालो:

"आमेन!"

पण सगळ्यांच्या वर एक आवाज होता. खणखणीत, छातीतून आलेला. तो घुमून परत आला तेव्हा बाकीचे गप्प झालेले होते.

किमोनने डोळे उघडले. त्याने त्याच्या गवंड्यांकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं. कारकूनही आमेन म्हणाला होता, तो आपल्या चपला बघत होता.

किमोन हळूच माझ्याजवळ आला. "पुजारी, हे... हे काय झालं?"

"इथली जुनी पद्धत असावी, साहेब. तुम्हाला कशी काय ठाऊक?"

त्याच्या ओठांवरचा रंग उडाला. ताई, मला त्याची दया आली. तुझ्या धाकट्याच्या वयाचा मुलगा, नोकरी जाईल म्हणून घाबरलेला. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "बाळा, इथे कोणी काही ऐकलं नाही. वारा फार असतो या डोंगरावर. तुझी आई अंतिओखियात माझ्या ताईशेजारी उभी राहते. बरी आहे, तुझी आठवण काढते."

त्याने तोंडावरचं पाणी पुसलं. मग घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "देवाचे चार खांब कुठे आहेत?"

"ठेवीला आहेत, साहेब."

"शाबूत आहेत?"

"डोक्यावर छत आहे त्यांच्या. ऊन नाही, पाऊस नाही."

"मग देवाची मालमत्ता सुरक्षित आहे," तो कारकुनाला म्हणाला. "तसं लिही. आणि दोर गाडीत टाका."

बडीशेपेचे सॉसेज त्याने पोटभर खाल्ले, वर आईसाठी बांधून नेले.

रात्री जेवण घेऊन झोइलोसकडे गेलो. फडकं गायब, तब्येत ठणठणीत. विचारलं, "काय रे, त्या चालीच्या शेवटी सगळ्यांच्या तोंडून काय निघतं हे तुला ठाऊक नव्हतं?"

"मला ताप होता," तो म्हणाला, आणि फासे टाकले.


अंतिओखिया
ऑगस्ट

लिओंतियाकडून फिलाला.

ऐकलं असशील. सम्राट पर्शियात लढाईत गेले. नवे सम्राट ख्रिस्ती आहेत.

इथे लोक रस्त्यात नाचले. नाटकगृहात, चर्चमध्ये, सगळीकडे. सूनबाईने मलाही ओढलं. मी नाही गेले. एकतीस-बत्तीस वर्षांचा मुलगा, फिला. त्याचं चुकलं असेल, माझ्या लोकांना त्याने त्रासही दिला. पण मला ती शाईची बोटं आठवत राहिली. त्या रात्री मी त्याच्यासाठी दिवा लावला, तो कोणत्या देवाचा होता हे न विचारता.

आता तुझी काळजी वाटते. उद्या देवळं बंद होतील, परवा कोणाला जुने हिशेब चुकते करायचे सुचेल. इथे निघून ये. खोली झाडून ठेवली आहे.


आर्गीना
ऑक्टोबर, द्राक्षं उतरल्यावर

फिलाग्रिओसकडून ताईला: खोलीत दुसरं कोणी ठेव, मी येत नाही.

देऊळ बंद झालं. हुकूम चौकात वाचला, वाचणारा तोच, गेल्या वर्षी उसासा सोडलेला. या वेळी त्याने नाव खोडताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सरळ गुत्त्यात गेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण पहिल्या घोटानंतरच उठलो. मला ते अंजिराचं झाड आठवत होतं, आणि झाडू. वर्षभरासाठी का होईना, मी बाबांचा मुलगा झालो होतो. ते संपलं म्हणून वाईट वाटलं, ताई. फार वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यात चुनेवाले खालच्या रस्त्याला दिसले. मी देवळाच्या पायरीवर बसून होतो. काय करावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात गाडीची कुरकुर ऐकू आली. झोइलोस, त्याचे दोन बैल, आणि मागे निम्मं गाव. बाबिलाससुद्धा, लंगडत.

"उठ," झोइलोस म्हणाला. "दोन खांब राहिलेत. आणि ती वेदी. ठेवीला द्यायचे की नाही? लवकर सांग, बैलांना ऊन लागतंय."

मी नुसती मान हलवली, त्या बैलासारखी.

"बिशपला काय सांगशील?" मी मग विचारलं.

"सांगेन की पाद्रीबाबांना म्हातारपणी सावलीत बसायला ओसरी हवी होती. खोटं नाही ते."

चुनेवाले पोहोचले तेव्हा तिथे फक्त शेळ्या होत्या.

दोन खांब आता चर्चच्या दारापुढे उभे आहेत, वर छपराचा तुकडा. खाली बाक आहे आणि आमचा पट. बाबांची वेदी शेजारी ठेवली आहे, पाय जरा ठेंगणे करून. तिच्यावर परातीत जवाचा भात आणि हरभरे असतात. आता एकच अन्नछत्र आहे, रविवारसकट. बाबिलासची मिठाची तक्रार अजून चालू आहे, पण ती कोणाविरुद्ध आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

काल संध्याकाळी मी खांबाला पाठ टेकून बसलो होतो. दगड दिवसभराच्या उन्हाने गरम होता. मनातल्या मनात बाबांच्या ओळी म्हणत होतो, पण म्हातारपणी मनातलं जरा मोठ्यानेच निघतं. हातात काही नाही रे बापा, आवाज तेवढा घे.

झोइलोसने पटावरून डोकं वर केलं नाही.

"आमेन," तो म्हणाला. "चल, खेळ. तुझी पाळी."